मासे ‘किरणोत्सर्गी’ की ‘रेडिएशन लागलेले’?

प्रश्न परभणीहून आला आहे. थोडक्यात असा: “मोबाइलवर एक संदेश फिरतोय, ‘जपानने समुद्रात किरणोत्सर्ग सोडला आहे, मासे किरणोत्सर्ग झाले आहेत, बांगडा-सुरमई खाऊ नका.’ बाजारात लोक ‘रेडिएशन लागलेली मासळी’ म्हणतात. किरणोत्सर्गी, किरणोत्सारी, प्रारण, बाधित, दूषित, यांतला बरोबर शब्द कोणता? आणि उसाच्या ट्रॉलीला जे रेडियम लावतात त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?”

संदेशातलं पहिलंच क्रियापद चुकलंय. किरण + उत्सर्ग = किरणोत्सर्ग. उत्सर्ग ‘सृज्’ धातूपासून आला, अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. म्हणजे सोडणं शब्दाच्या पोटातच आहे. ‘किरणोत्सर्ग सोडला’ याचा अर्थ शब्दशः घेतला तर किरण सोडायचं सोडून दिलं असा होईल. याच धातूचा दुसरा शब्द मराठवाड्याला तोंडपाठ आहे. जायकवाडीचे दरवाजे उचलले की ‘नाथसागरातून गोदापात्रात विसर्ग’ अशी बातमी येते. जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा प्रकल्पात झाला तो विसर्गच. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तिथल्या भट्ट्यांतलं इंधन वितळलं. त्याला थंड ठेवायला सोडलेलं पाणी आणि आत झिरपणारं भूजल-पावसाचं पाणी मिळून हजाराहून जास्त टाक्यांत तेरा लाख टनांच्या वर साठा झाला. त्यातलं पाणी प्रक्रिया करून २४ ऑगस्ट २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं समुद्रात सोडलं जातंय. तेव्हा वाक्य असं हवं: ‘किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश असलेल्या पाण्याचा विसर्ग.’ लांब आहे खरं, पण आखूड केलं की अर्थ तुटतो.

तो तुटतो कुठे, ते चुलीवरून चटकन कळतं. चुलीत निखारा असतो आणि त्याची धग असते. निखारा म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य. धग म्हणजे प्रारण, ज्याला आपण रेडिएशन म्हणतो. आणि धग देत राहण्याचा निखाऱ्याचा गुण म्हणजे किरणोत्सर्ग. धग लागते, पडते, अडवता येते. निखारा सांडतो, विखुरतो, पदरात येतो. चुलीपुढं बसून धग लागलेला माणूस उठून शेजाऱ्याकडं गेला तर शेजाऱ्याला भाजत नाही. पदरात निखारा घेऊन गेला तर भाजतं. माशाच्या बाबतीत भीती आहे ती निखाऱ्याची, म्हणजे सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० अशी द्रव्यं त्याच्या अंगात जाण्याची. धगीची नाही.

आता ‘रेडिएशन लागलं’. ही रचना अस्सल मराठी आहे. ऊन लागलं, धग लागली, हवा लागली, नजर लागली, त्याच ओळीत बसते. एक्स-रे काढणाऱ्याबद्दल ‘त्याला रेडिएशन लागतं’ म्हणालात तर चूक काही नाही. पण ‘लागणे’च्या शेजारीच ‘लागण’ बसलेली आहे, आणि माशाबद्दल बोलताना ऐकणाऱ्याच्या मनात नेमकी तीच जागी होते: एका माशाला लागलं, त्याच्या शेजारच्याला लागलं, पाटीतल्या बर्फाला लागलं. द्रव्य असं पसरत नाही. ते इकडून तिकडे जातं, पातळ होतं किंवा एका जागी साचतं. वाढत मात्र नाही. ‘बाधित’ही याच कारणानं टाळावा. करोनानंतर त्या शब्दाला साथीचा वास चिकटला आहे.

‘दूषित’ चांगला शब्द आहे, फक्त एकटा वापरू नये. पाणी मैल्यानं दूषित होतं, क्षारानं होतं, कीटकनाशकानं होतं. ‘किरणोत्सर्गी द्रव्यांनी दूषित’ असं पूर्ण लिहावं. ‘मासे किरणोत्सर्ग झाले’ ही तर व्याकरणाचीच चूक. नाम विशेषणाच्या जागी बसवलंय, जसं ‘पाणी प्रदूषण झालं’.

किरणोत्सर्गी की किरणोत्सारी? दोन्ही चालतात. ‘उत्सार’मागे ‘सृ’ धातू आहे, सरणे, जाणे; प्रसार, अपसरण त्याच घरातले. विश्वकोशात किरणोत्सर्गी आढळतो, किरणोत्सारी आणि किरणोत्सारिता हेही शास्त्रीय लेखनात दिसतात. माझं मत विचाराल तर किरणोत्सर्गी घ्या, कारण वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे आणि विसर्ग, विसर्जन, उत्सर्जन या ओळखीच्या शब्दांशी त्याचं नातं दिसतं. एका लेखात दोन्ही मिसळू नका, वाचकाला वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘विकिरण’ हिंदीतून येतो. मराठीत त्यासाठी प्रारण आहे. या शब्दाचा एकच जाच, टंकताना ‘र’ गळला की ‘प्राण’ होतो आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटतो.

जाता जाता शुद्धलेखन: सुटा लिहिताना ‘अणू’, समासात ‘अणुभट्टी’, ‘अणुऊर्जा’. मुळात ऱ्हस्व उकारान्त असलेला तत्सम शब्द समासात पहिला आला की त्याचा शेवटचा उकार ऱ्हस्वच राहतो.

निखारा-धगीचा हा भेद बाजारात कामाला येतो. मराठवाड्याचा केसर आंबा घ्या. भारतीय आंबा अमेरिकेला पाठवायचा तर कोयीतली आणि गरातली कीड निकामी करण्यासाठी त्याला किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) इतके किरण द्यावे लागतात. लासलगावला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांदा-आंब्यावर अशी प्रक्रिया करण्याची सोय आहे. तिथं आंब्याला फक्त धग लागते. कोबाल्ट बंद नळ्यांत असतो, फळाला शिवतही नाही, आणि त्याचे गॅमा किरण फळाला किरणोत्सर्गी करू शकत नाहीत. (न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पदार्थ किरणोत्सर्गी होऊ शकतो, पण तो अणुभट्टीच्या आतला मामला.) अशा फळाला ‘किरणप्रक्रिया केलेलं’ म्हणावं. त्याला ‘रेडिएशनवाला आंबा’ म्हणायचं आणि माशालाही ‘रेडिएशनवाला’ म्हणायचं, म्हणजे भाजलेल्या भाकरीला आणि राख पडलेल्या भाकरीला एकच नाव देणं.

‘किरणोत्सर्गी मासा’ या विशेषणात आणखी एक खोच आहे. ते ‘आंधळा’ किंवा ‘मेलेला’ यांसारखं आहे-नाही विशेषण नाही; ‘खारट’सारखं आहे, किती ते सांगावं लागतं. जगातला प्रत्येक मासा किरणोत्सर्गी आहे, कारण पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) निसर्गतःच असतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. एका सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्केरेल. किलोभर माशात तीन-चार ग्रॅम पोटॅशियम धरा, म्हणजे १०० बेक्केरेलच्या आसपास. आणि मासा न खाणाऱ्यांनी सुटलो म्हणू नये: तुरीच्या डाळीत पोटॅशियम माशाहून कितीतरी जास्त, किलोमागे १० ग्रॅमच्या वर, म्हणजे ३०० बेक्केरेलच्या वर. आपल्या अंगातच चार हजारांच्या घरात आहेत. शरीर पोटॅशियमचं प्रमाण ठरावीक ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं, म्हणून वरण जास्त खाल्ल्यानं ते वाढत नाही. आणि बेक्केरेल एकट्यानं धोका सांगत नाही, कोणतं द्रव्य तेही लागतं. निखारे किती ते बेक्केरेल सांगतो, धग किती शोषली ते ग्रे, आणि शरीराला किती सोसावं लागलं ते सीव्हर्ट.

म्हणून बातमीत आकडा शोधावा. जपाननं एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नासाठी सिझियमची मर्यादा किलोमागे १०० बेक्केरेल ठेवली आहे. मे २०२३ मध्ये फुकुशिमा प्रकल्पाच्या बंदरात, म्हणजे बांधाच्या आतल्या पाण्यात, पकडलेल्या एका काळ्या रॉकफिशमध्ये किलोमागे १८,००० बेक्केरेल सिझियम सापडलं. हा मासा खरोखर ‘किरणोत्सर्गी द्रव्यानं दूषित’, आणि कोणाच्या ताटात न जाणारा. पण लक्षात घ्या, तो विसर्ग सुरू होण्याच्या तीन महिने आधीचा. त्यातलं सिझियम २०११ च्या अपघाताचं, बंदराच्या तळच्या गाळात बसलेलं. आपल्याकडं बर्फात येणारा बांगडा-सुरमई अरबी समुद्रातला. नाथसागरातल्या रोहू-कटल्याचा तर प्रश्नच नाही.

आता टाक्यांतल्या पाण्याला काय म्हणायचं? जपान ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ म्हणतो, चीन ‘अणुप्रदूषित पाणी’. ऑगस्ट २०२३ मध्ये चीननं जपानी मासळीची आयातही बंद केली. दोन्ही नावांत बाजू घेतलेली आहे. मी ‘प्रक्रियेनंतर ट्रिटियम उरलेलं पाणी’ म्हणेन. ‘पाण्यात ट्रिटियम मिसळलंय’ हेही सैलच. ट्रिटियम हा हायड्रोजनच, त्याचा किरणोत्सर्गी जड भाऊ. तो पाण्याच्या रेणूतच बसतो. म्हणून सिझियम-स्ट्रॉन्शियम जसं शोषून काढता येतं तसं हे निघत नाही, पाणी पाण्यातून गाळायचं कसं? समुद्राचं पाणी घालून ते लिटरमागे १,५०० बेक्केरेलच्या खाली आणूनच सोडायचं, अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्गदर्शक आकडा १०,००० आहे. वर्षभरात मिळून २२ लाख कोटी बेक्केरेलच्या वर जायचं नाही. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण बेक्केरेल हे फार बारीक माप आहे. क्विंटलऐवजी दाणे मोजल्यासारखं.

शरीरात गेल्यावर काय होतं, त्यासाठी आपल्याकडं चांगली क्रियापदं आहेत, ती वापरावीत. ट्रिटियमचं पाणी येतं आणि जातं. माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं साधारण दहा दिवसांत निघतं. सिझियम पोटॅशियमची जागा घेतं, म्हणून मांसात भिनतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून काट्यात साचतं, आणि काट्यासकट खायच्या बारक्या मासळीत त्याचा विचार वेगळा करावा लागतो. ‘शिजवल्यावर रेडिएशन मरतं’ हे ऐकू येतं, ते चूक. जंतू मरतात, अणू मरत नाहीत. हळद-मीठ लावा, तळा, बर्फात ठेवा, फरक शून्य. उकळल्यावर थोडं सिझियम पाण्यात उतरतं, पण उपयोग ते पाणी फेकलं तरच. रश्श्यात वाढलं तर जागच्या जागी.

‘अर्धायुष्य’, म्हणजे द्रव्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, हा शब्द मात्र मला खुपतो. माणसाचं निम्मं आयुष्य गेलं की निम्मं उरतं, आणि तेही तितक्याच वर्षांत सरतं. त्याच हिशेबानं ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं म्हटल्यावर लोक दुप्पट करून पंचविसाव्या वर्षी ते संपलं असं धरतात. संपत नाही, चौथाई उरतं. पुढच्या बारा वर्षांनी अष्टमांश. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो. सिझियम-१३७ ला ३० वर्षं, म्हणजे ६० वर्षांनीही चौथाई शिल्लक. ‘निम्मेकाल’ म्हटलं असतं तर घोटाळा टळला असता, पण शब्द रुजून गेलाय.

राहिलं ट्रॉलीचं रेडियम. नाव त्याच घराण्याचं, वस्तू वेगळी. रेडियम मूलद्रव्य क्युरी दांपत्यानं १८९८ मध्ये शोधलं. पुढं ते मिसळलेला रंग घड्याळाच्या काट्यांना लावायचे आणि ते अंधारात चमकायचे. त्यावरून आपल्याकडं अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणायची पद्धत पडली. ती नंबरप्लेटच्या अक्षरांपर्यंत आली, आणि चौकातल्या ‘रेडियमवाल्या’च्या दुकानात आता तर साधे रंगीत स्टिकरही रेडियमच. ट्रॉलीवरच्या पट्टीत बारीक काचमणी किंवा लोलक असतात, ते समोरून आलेला उजेड आला तिकडंच परत पाठवतात. खात्री करायची तर रात्री त्या पट्टीवर बॅटरी मारा आणि मग बंद करा: पट्टीही विझते.