नागपुरात रोज धावतो, नंतर नडगी दुखते. धावणं बंद करावं का?

आधी एक तपासा. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. वीतभर पट्टाच दुखत असेल, तर बहुतेक 'शिन स्प्लिंट्स', म्हणजे हाडावरच्या आवरणाला आलेला ताण. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा धावणं बंद, थेट हाडांचे डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा बरेचदा दिसतच नाही, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

साधा ताण असेल तर दोन-तीन आठवडे धावण्याऐवजी सायकल किंवा पोहणं. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं. दुखणं ओसरलं की पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा. पोटऱ्या बळकट झाल्याशिवाय हे परत परत उपटतं.

नागपुरात आता जिकडेतिकडे कडक सिमेंट रोड. सेमिनरी हिल्सकडे मातीची वाट मिळाली तर उत्तम, पण तिथला उतार सुरुवातीला चालतच उतरा. बूट ५००-८०० किलोमीटर झाले असतील तर बदला. वेदनाशामक गोळी खाऊन मात्र धावू नका.