दिवेलागणीची वेळ कोण ठरवतं?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आईने फोटो काढून पाठवली. अक्षर छान आलंय. प्रश्न त्याहून छान आहे, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर न देता इथे, स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्यात, सावकाश लिहायला बसलोय. तू लिहिलंस, "आजी म्हणते दिवेलागणीला घरात हवं. पण थंडीत ती पावणेसहालाच गच्चीवरून हाक मारते आणि आता सात वाजले तरी काही बोलत नाही. नियम एक आहे तर वेळ दोन का? आणि बाबा, तुझ्याकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, मग तिथली मराठी मुलं दहाला घरी येतात का?"

आधी आजीचं. तिचा नियम घड्याळाचा नाहीच, सूर्याचा आहे. सूर्य मावळला, अंधार पडायला लागला, की देवापाशी निरांजन, तुळशीपाशी पणती, मग शुभंकरोति. घड्याळात तेव्हा किती वाजलेत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. पुण्यात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य सहाला तीन-चार मिनिटं कमी असतानाच मावळतो. जुलैच्या सुरुवातीला तोच सूर्य सव्वासातपर्यंत टिकतो. वर्षभरात सगळा फरक सव्वा तासाचा, फार तर पाच मिनिटं जास्त. आजीची हाक त्या सव्वा तासात मागे-पुढे होत असते. (हल्ली पावसाळी ढग दाटून आले की ती सहालाच दिवे लावते. तोही तिच्या नियमात बसतो, कारण अंधार म्हणजे अंधार.)

आता हा सव्वा तासाचा फरक तरी का? तुझ्या टेबलावरचा पृथ्वीगोल घे. तो स्टँडवर तिरका बसवलाय, सरळ नाही. तो तिरकेपणा साडेतेवीस अंशांचा, आणि खऱ्या पृथ्वीचाही तेवढाच. खोलीतला दिवा बंद कर, बॅटरी लावून पलंगावर ठेव, आणि गोलाचं वरचं टोक बॅटरीकडे कललेलं ठेवून गोल फिरव. पुण्यावर शाईचा ठिपका दे. एका फेरीत तो ठिपका उजेडात किती वेळ असतो आणि अंधारात किती, ते बघ. उजेडातला भाग थोडा जास्त भरेल. हा झाला जून. आता बॅटरी गोलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेव, म्हणजे वरचं टोक तिच्यापासून लांब कललेलं राहील. तोच ठिपका आता अंधारात जास्त वेळ काढेल. हा डिसेंबर. मग स्कॉटलंड शोध, ब्रिटनच्या वरच्या टोकाला आहे, आणि तिथे ठिपका देऊन हेच पुन्हा कर. फरक तुला आपोआप दिसेल, मी सांगायची गरज पडणार नाही.

पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणून तिथला सगळ्यात मोठा दिवस, २१ जूनचा, जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान, २१ किंवा २२ डिसेंबरचा, अकरा तासांचा. एडिंबरा जवळजवळ छप्पन्न अंशांवर आहे. इथे जूनचा दिवस साडेसतरा तासांच्याही वर जातो आणि डिसेंबरचा सात तासांचाही भरत नाही. आजोबांच्या पंचांगात रोज 'दिनमान' दिलेलं असतं ना, ते हेच. घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे पुण्याचं दिनमान वर्षभरात साडेसत्तावीस घटिकांपासून तेहतीस घटिकांपर्यंत जातं. आणि दिवसाचे चार प्रहर सूर्योदय ते सूर्यास्त असे मोजायचे, त्यामुळे प्रहरही दिवसाबरोबर लांबतो, आखडतो. इथे डिसेंबरात एक प्रहर पावणेदोन तासांचा होतो आणि जूनमध्ये जवळजवळ साडेचार तासांचा. ज्यांनी प्रहर ठरवले ते या अक्षांशावर राहत नव्हते, हे उघड आहे.

इथला सूर्य मावळतोही वेगळ्या तऱ्हेने. पुण्यात तो बराचसा सरळ खाली जातो, आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत दिवा लावावाच लागतो. इथे तो घसरगुंडीवरून यावा तसा तिरका क्षितिजाला टेकतो. त्यामुळे मावळल्यानंतरही कितीतरी वेळ खाली फार खोल जात नाही, आणि संधिप्रकाश रेंगाळतच राहतो. जूनमध्ये दहाला सूर्य मावळतो, पण मध्यरात्रीसुद्धा उत्तरेकडे आकाशात फिकट उजेड असतो. पूर्ण काळोख असा होतच नाही. आपल्याकडे 'तिन्हीसांजा' म्हणतात ती वेळ पुण्यात इतकी थोडकी आणि नेमकी असते, की त्या वेळी झोपू नये, केर काढू नये, दारात दिवा असावा असे नियम तिच्याभोवती बांधता आले. इथल्या जूनमध्ये तिन्हीसांजा पाळायच्या म्हटल्या तर रात्रभर जागावं लागेल.

अजून एक गोष्ट तुला गच्चीवरून बघता येईल, आणि मला ती सगळ्यात आवडते. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. पुण्यात जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेच्या पंचवीस अंश उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, मावळतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच डावीकडे. तू कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात गेली आहेस. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात आणि मूर्तीवर पडतात. त्याला किरणोत्सव म्हणतात. आता कॅलेंडर काढ आणि ९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस मोज. बेचाळीस. मग २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत मोज. एक्केचाळीस. नोव्हेंबरात दक्षिणेकडे सरकत निघालेला सूर्य देवळाच्या समोरून जातो, डिसेंबरात सगळ्यात लांबच्या टोकाला पोहोचतो, आणि जवळजवळ तितक्याच दिवसांनी परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच जागी येतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी हा सूर्य वर्षानुवर्षं उभं राहून पाहिला असणार, नाहीतर दगडात हे असं साधत नाही. मला त्याच्यापुढे इथलं काही फार मोठं वाटत नाही, जरी इथे सूर्य जूनमध्ये थेट वायव्येला आणि डिसेंबरमध्ये थेट नैऋत्येला मावळत असला तरी.

तू कधीतरी हेही विचारशील, म्हणून आत्ताच लिहितो: सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात, तर सूर्य सगळ्यात लवकर नोव्हेंबरातच कसा मावळतो? आणि संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, मग जानेवारीत शाळेला जाताना सगळ्यात जास्त अंधार कसा? तुझं निरीक्षण बरोबरच ठरेल. पुण्यात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास. कारण असं की सूर्याची माध्यान्ह घड्याळाच्या त्याच वेळेला रोज येत नाही. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगाने पळते. त्यात तो तिरकेपणा मिसळला की नोव्हेंबरच्या अखेरीपासून माध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे ढकलली जाते. पुण्यात ती तेव्हा बारा एकवीसला असते, संक्रांतीला बारा त्रेचाळीसला. माध्यान्ह सरकली की उगवणं आणि मावळणं दोन्ही तिच्याबरोबर पुढे सरकतं. दिवस मात्र डिसेंबरपासून वाढायला लागलेला असतो. संक्रांतीपर्यंत पुण्यात सहा-सात मिनिटं वाढलेली असतात. ते तिळाएवढंच आहे, म्हणणाऱ्यांनी नीट बघून म्हटलंय. इथे तेवढ्याच दिवसांत पाऊण तासाला दहाच मिनिटं कमी पडतील इतका दिवस वाढतो. त्याला तीळ म्हणता येणार नाही.

नागपूरच्या आत्याचंही सांगतो. तिच्याकडे दिवेलागण आपल्याआधी होते, कारण नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून थोडं जास्त आहे आणि दर अंशाला चार मिनिटं पडतात. म्हणजे एकवीस मिनिटं. पण नागपूर थोडं उत्तरेलाही आहे. म्हणून डिसेंबरात तिच्याकडे सूर्य सव्वीस मिनिटं आधी मावळतो आणि जूनमध्ये सोळाच मिनिटं आधी. घड्याळ मात्र दोघांचं एकच, कारण सगळ्या भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावर ठरवलेली आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. संकष्टीला कॅलेंडरवर प्रत्येक गावाचा चंद्रोदय वेगळा छापतात तोही याचसाठी. आजीने आत्याला फोनवर "अगं तुझा चंद्र उगवला, जेव आता" म्हटलेलं तू ऐकलं असशील.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, इथली मराठी मुलं दहाला घरी येत नाहीत. जूनमध्ये ती आठला घरात येतात, जाड पडदे ओढून नऊला झोपतात, आणि बाहेर लख्ख ऊन असतं. लहान मुलं त्यावरून रडतातही. डिसेंबरात उलट, पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, शाळेतून येतानाच दिवे लागलेले असतात, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजावर जेमतेम दहा-अकरा अंश वर चढतो. इथल्या कुणीही दिवेलागण सूर्यावर ठेवलेली नाही, ठेवताच येत नाही. श्रावणी सोमवारचा उपवास सूर्यास्तानंतर सोडायचा, पण इथे श्रावणाच्या सुरुवातीला बहुतेक वर्षी सूर्यास्ताला नऊ वाजून जातात. ओळखीच्या एक काकू सातला सोडतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. आजीला कदाचित वाटेल. तिच्याशी मी बोलेन.

मी स्वतः कामावरून आलो, हातपाय धुतले, की दिवा लावतो. बहुतेक सात वाजलेले असतात. जूनमध्ये तो उन्हात लागतो आणि डिसेंबरात अंधार पडून तीन तास झालेले असतात. मला विचारशील तर दिवेलागणीत दोन गोष्टी आहेत, सूर्य मावळणं आणि घरातली माणसं परत येणं. पुण्यात त्या दोन्ही एकाच वेळेला घडतात, म्हणून तुला त्या एकच वाटतात. इथे त्या सुटतात आणि मग एक निवडावी लागते. मी दुसरी निवडली. आजी माझ्या जागी असती तर तिनेही तीच निवडली असती असं मला मनापासून वाटतं, पण ते तिलाच विचार.

वर्षातून दोनदा मात्र निवडावं लागत नाही. २० मार्चच्या आसपास आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सगळ्या पृथ्वीवर दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते. मार्चमध्ये त्या दिवशी तुमच्याकडे पावणेसातला सूर्य मावळतो आणि इथे साडेसहाच्या आतबाहेर. पाडवा त्या सुमाराला आला की मी गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवतो, अगदी तुमच्यासारखी. तो सण इथे जसाच्या तसा बसतो. दिवाळीचं तसं नाही, नोव्हेंबरातल्या लक्ष्मीपूजनाला इथे साडेचारलाच सूर्य गेलेला असतो आणि मी ऑफिसात असतो.

एक काम देतो. ३० जुलैच्या आसपास दुपारी बारा एक्केचाळीसला गच्चीवर एक सरळ काठी उभी कर. सूर्य बरोबर डोक्यावर असेल आणि काठीची सावली दिसणार नाही. पुण्यात असं वर्षातून दोनदाच होतं, मेच्या तेरा-चौदा तारखेला आणि जुलैअखेर. जुलैत ढग असण्याचीच शक्यता जास्त, पण प्रयत्न कर. जमलं नाही तर मेमध्ये मी सुट्टी काढून येतोय, तेव्हा दोघं मिळून करू. एडिंबऱ्यात सूर्य ऐन जूनमध्येही सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे मला ते इथे कधीच बघता येणार नाही.

आईला आणि आजी-आजोबांना नमस्कार सांग.

तुझा,
बाबा