ताई, ब्रोमेलियाडला आधी सावली समजून द्या

ताई, पट्ट्यापट्ट्यांची व्रिसिया, म्हणजे ब्रोमेलियाडचाच एक प्रकार, आणलीत, छान केलंत. पण तिला काळ्या मातीत लावू नका. अननसाच्याच कुळातली ही, पण बऱ्याचशा जाती रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात; मुळं मुख्यतः धरून राहायला. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, कोळसा, थोडी जाड वाळू, बस्स. कुंडी लहानच घ्या.

पाणी पानांच्या मधल्या पेल्यात घालायचं. आणि इथंच आपलं मराठवाड्याचं दुखणं आहे: बोअरचं जड पाणी. त्यानं पानांवर पांढरे डाग पडतात, मग नक्षी कसली दिसतेय! पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवा, झाकण लावून. पेल्यातलं पाणी दर आठवड्याला ओतून बदला, नाहीतर डास पाळल्यासारखंच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारी भरू नका, पहाटे भरा. कुंडी पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, उत्तरेच्या ओसरीत ठेवा. अगदी अंधारही नको. निओरेगेलिया हा दुसरा ब्रोमेलियाड असेल तर अंधारात तिचा लाल रंग उडून ती हिरवी पडते.

एक कानमंत्र. मोसंबीसाठी घरात बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारायचं औषध, असतंच. तो पंप इकडे आणू नका. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं या झाडांना विषासारखं आहे. माझी दोन झाडं अशीच गेली, चूक माझीच.

फूल येऊन गेल्यावर मूळ झाड हळूहळू वाळतं, घाबरू नका. बुडाला पिल्लं फुटतात. ती आईच्या निम्म्याएवढी झाली की कापून वेगळी लावा. एक मला ठेवा.