सिमेंटच्या रिकाम्या कुंडीत मासे जगतील का?

दीड फूट रुंदीची सिमेंटची कुंडी बाल्कनीत रिकामी पडली आहे, तिचं छोटं तळं करून त्यात वॉटर लिली आणि मासे ठेवता येतील का, आणि मासे मरू नयेत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. नक्की ठेवता येतील. फक्त मासे सगळ्यात शेवटी आणा, कुंडीत पाणी भरल्यावर निदान दीड महिन्याने. दुकानातून पिशवीत मासे आणून त्याच संध्याकाळी कुंडीत सोडले, तर ते आठवडाभरही टिकत नाहीत आणि लोक दोष देतात दुकानदाराला.

खरा घात करतो तो सिमेंटमधला चुना. तो पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच १० च्याही वर जाऊ शकतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात माशांचे कल्ले भाजून निघतात. म्हणून आधी तळाचं भोक बुजवा (सिमेंट किंवा एम-सील चालेल, बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन मात्र नको, त्यातलं औषध माशांना विषारी असतं). ते पूर्ण वाळलं की कुंडी काठोकाठ भरून ठेवा. कुंडी नवी किंवा कमी वापरलेली असेल तर दोन-तीन दिवसांत पाण्यावर पातळ, पांढरी, काचेसारखी कडक साय धरते. बोट लावलं की तिचे तुकडे होतात. हा चुनाच, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर आलेला. पाणी ओतून द्या, आतून नारळाच्या काथ्याने घासा, पुन्हा भरा. असं दर तीन-चार दिवसांनी, दोन ते तीन आठवडे. शोभेचे मासे पाळणारे काही जण यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवतात. तसं केलंत तर नंतर ते कुजकं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाका.

चुना गेला की नाही हे पाहायला पीएचची पट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर घरातली हळद घ्या. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढून वाळू द्या. त्यावर एका बाजूला कुंडीतलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला नळाचं पाणी, एकेक थेंब टाका. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यातलंच हे तत्त्व. कुंडीच्या थेंबाखाली हळद लालसर झाली तर चुना अजून सुटतोय. दोन्ही थेंब सारखेच पिवळे राहिले तर पुढे जा. ही चाचणी ढोबळ आहे, पण पहिल्या आठवड्यातला आणि तिसऱ्या आठवड्यातला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

ओघात एक सांगतो. हल्ली तांब्या-पितळेच्या घंगाळात पाणी, फुलं आणि मासे ठेवायची हौस वाढली आहे. फुलं खुशाल ठेवा, मासे अजिबात नकोत. तांबं पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी माशांना आणि गोगलगायींना घातक असतं. रांजणही टाळा, त्याचं तोंड अरुंद असतं. पाण्यात प्राणवायू विरघळतो तो पृष्ठभागातून, त्यामुळे तोंड जितकं रुंद तितकं बरं.

तुमच्या कुंडीत साधारण ६० लिटर पाणी मावेल. म्हणजे पाण्याचंच ६० किलो, वर कुंडी आणि माती. कुंडीची जागा पाणी भरण्याआधीच ठरवा, भिंतीलगत, कठड्यावर नाही. वॉटर लिलीला चार-पाच तास ऊन लागतं. सकाळचं ऊन सर्वांत चांगलं. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी शेडनेट हवीच, कारण पाणी जितकं तापतं तितका त्यातला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७.

लिली वेगळ्या छोट्या कुंडीत साध्या काळ्या मातीत लावून, वर वाळूचा थर देऊन आत बुडवा. गांडूळखत, शेणखत, कोकोपीट यातलं काही घालू नका. खत पाण्यात कुजून अमोनिया तयार होतो, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर तो आणखी जहाल ठरतो. सोबत हायड्रिलाच्या (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) चार काड्या टाका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक-दोन दिवस उघड्यावर ठेवल्यास उडून जातं. मग रोपांसह तीन-चार आठवडे कुंडी तशीच राहू द्या. अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात माती आणि भिंतींवर बसतात. या दिवसांत पाण्यात डासांच्या अळ्या होतील. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी कापडातून गाळून बाहेरच्या झाडांना घाला आणि अळ्या कोरड्या जागी टाका. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, त्यामुळे यात कसूर नको.

मासे म्हणजे पाच-सहा गप्पी. बऱ्याच महापालिकांचे मलेरिया विभाग ते फुकट देतात. गोल्डफिश सुंदर दिसतो, पण फार घाण करतो आणि वाढतो, ६० लिटर त्याला अपुरे. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. फक्त नर घेतले तर पिल्लांचा प्रश्न येत नाही. माद्या असतील तर जास्तीचे मासे ओढ्यात किंवा तलावात सोडू नका: गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आपल्या स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

पावसाळ्यासाठी काठाखाली दोन इंचांवर एक भोक पाडून त्याला बारीक जाळी लावा. नाहीतर जुलैतल्या एका रात्रीत मासे पाण्याबरोबर बाहेर जातील. हे भोक चुना काढायच्या आधीच पाडा. धुराची फवारणी करणारी गाडी आली की कुंडी झाकून घ्या, आणि शेजारच्या गुलाबावर कीटकनाशक मारायचं असेल तर तो गुलाब आधी लांब न्या.

बाल्कनी कोणत्या दिशेला आहे आणि पाणी नळाचं की बोअरचं, एवढं लिहिलंत तर लिलीची कोणती जात लावावी ते सांगता येईल.