सिडको समोर दिसतं, पण चालत जाता येत नाही

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो, नणंद महामार्गापलीकडे सिडकोत. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांना लेकीकडे चालत जायचं असतं, पण महामार्गाखालच्या बोगद्यातल्या गाड्यांची भीती वाटते. एवढ्याशा अंतराला रिक्षा करावी लागते. सोसायटीतले लोक पादचारी पुलासाठी अर्ज करताहेत. सही करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, माझं ऐकाल तर करू नका. बोगद्यावरचा महामार्ग आधीच उंचावर आहे. त्याच्यावर पूल म्हणजे खालच्या वाहनांसाठी आणखी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची. १५ सेंटीमीटरची पायरी धरा, नुसत्या तेवढ्याला ३६-३७ पायऱ्या झाल्या. आणि पलीकडे पुन्हा उतरायच्या. लिफ्ट म्हणाल, तर बंद लिफ्टपाशी पिशवी घेऊन ताटकळणारी म्हातारी माणसं मी नोकरीत फार पाहिली. अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मागायचं ते बोगद्यातच मागा. एका कडेला, कठडा घालून गाड्यांपासून वेगळा केलेला पदपथ. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत त्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे. मधे विजेचा खांब आला, तर ती रुंदी मोकळी म्हणायची नाही. पण त्याहून अवघड जागा बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, जिथे सर्व्हिस रोडवरच्या गाड्या वळतात. सात मीटरचा रस्ता तरणा माणूस सहा सेकंदांत ओलांडतो, सासूबाईंना नऊ-दहा लागतील. तिथे क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला आणा. चढ आला की गाडीवाला आपोआप वेग कमी करतो आणि सासूबाईंना पायरी उतरावी लागत नाही.

बसचंही तेच. सिटीलिंक ही नाशिकची शहर बससेवा २०२१ पासून धावते आहे, तिचा थांबा या वाटेला लागून हवा. कोलंबियातल्या मेडेलिन शहराने २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या रोपवेने मेट्रोला जोडल्या. पाठोपाठ त्या वस्त्यांतल्या पायवाटा, पायऱ्या, ओढ्यांवरचे छोटे पूलही केले. ते झालं नसतं तर रोपवेपर्यंत पोचणंच कितीकांना जड गेलं असतं.

या रविवारी सासूबाईंबरोबर घड्याळ लावून लेकीच्या दारापर्यंत चाला. त्या जिथे थबकतील, तुमचा हात धरतील, तिथला फोटो काढा आणि किती वेळ थांबावं लागलं ते लिहा. ते कागद माझ्याकडे पाठवा. बोगद्यातल्या पदपथासाठीच्या अर्जासोबतचा नकाशा मी काढून देतो.