शुक्रवारची ओली पार्टी आणि सोमवारचे कामवाटप

प्रश्न : मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. मी मद्य घेत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमची टीम रात्री जेवायला बाहेर जाते. ‘चकणा संपवायला आलास का?’ अशी माझी थट्टा होते, ती मी हसण्यावारी नेतो. बिल मात्र सर्वांत समान वाटले जाते. गेल्या खेपेस मी साडेदहाला निघालो आणि त्यानंतर नव्या क्लायंटचे मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग, कोणी करायचे हे तिथेच ठरले. मला ते सोमवारी सकाळच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, कळले. ‘निदान हातात ग्लास धरायला शीक, नाहीतर मागे पडशील,’ असे एक सहकारी म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थट्टा, बिल आणि मॉड्यूल या गोष्टी आपण एका दमात सांगितल्या असल्या, तरी त्यांचे वजन सारखे नाही. थट्टा विरून जाईल. मॉड्यूल मात्र वर्षअखेरीस अप्रेजलच्या, म्हणजे कामगिरीच्या मूल्यमापनाच्या, कागदावर दिसेल, म्हणून आधी त्याचेच बोलू.

आपल्यावर अन्याय झाला तो आपण पीत नाही म्हणून झाला, असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते तो कामाचे वाटप चुकीच्या वेळी झाल्यामुळे झाला. रात्री साडेदहानंतर त्या टेबलाशी जी सहकारी नव्हती, कारण तिचे मूल लहान आहे, किंवा जो चाकणला राहतो म्हणून आधीच निघाला, त्यांचीही संधी त्याच रात्री गेली. त्यांपैकी एखादा चवीने बिअर घेणारा असला तरीही. म्हणून मॅनेजरांकडे जाताना मद्याचा विषय काढूच नका. ‘त्या मॉड्यूलसाठी माझ्याही नावाचा विचार व्हावा अशी माझी इच्छा होती. पुढच्या वेळी हे वाटप सोमवारच्या बैठकीत झाले, तर मलाही बोलता येईल,’ एवढेच सांगा, आणि तेच दोन ओळींच्या मेलमध्येही लिहून ठेवा. बहुतेक वेळा यात कोणाचा डाव नसतो. दोन पेग झाल्यावर गप्पांच्या ओघात कोणीतरी ‘मी करतो’ म्हणतो, कोणीतरी ‘मग तूच घे’ म्हणतो आणि निर्णय झालेला असतो. आपल्याला वगळले गेले हे मॅनेजरांच्या लक्षातही आलेले नसते. लक्षात आणून दिल्यावरही तेच घडत राहिले, तर मात्र तारखांसह नोंद ठेवावी आणि अप्रेजलच्या आधी एचआरशी बोलावे.

आता ग्लासाविषयी. फ्रेश लाइम सोडा हातात धरून बसण्यात काही गैर नाही. नऊनंतर कोणाच्या ग्लासात काय आहे हे कोणी पाहत नाही. परंतु सोड्याला व्होडका म्हणून खपवू नका आणि न पिण्याला खोटे कारणही देऊ नका. आपल्याकडे न पिणाऱ्यांची कारणे ठरलेली असतात. पित्त झाले आहे, अँटिबायोटिक चालू आहे, उद्या उपवास आहे आणि सर्वांत भक्कम म्हणजे श्रावण पाळतो. कारणाची अडचण अशी की ते संपते. श्रावण सरला, गणपतींचे विसर्जन झाले की ‘आता काय अडचण आहे?’ हा प्रश्न येतोच आणि नवे कारण शोधावे लागते. ‘मी घेत नाही’ एवढेच वाक्य, आवाज न चढवता आणि पुढे ‘कारण’ हा शब्द न जोडता म्हटले, तर दोन-तीन शुक्रवारांत विचारणारे थकतात.

बिलाचा प्रश्न वाटतो तेवढा नाजूक नाही. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे हॉटेलच्या हिशेबात खाण्याची आणि मद्याची रक्कम मुळातच वेगळी धरलेली असते. ‘खाण्याचे सगळ्यांत, बाकीचे घेणाऱ्यांत’ असे कोणीतरी एकदा म्हणावे लागते इतकेच, आणि ते पैसे गोळा करणाऱ्यानेच म्हटले तर उत्तम. काही टीममध्ये खर्च कंपनीकडून वसूल करता यावा म्हणून मद्याच्या जागी मॉकटेल लिहून घेतात. त्या बिलावर आपली सही कधीही करू नका.

एक विनंती मात्र करतो. पिणाऱ्या सहकाऱ्यांचे न्यायाधीश होऊ नका. अमेरिकेतल्या क्लायंटच्या वेळेनुसार रात्री अकरापर्यंत कॉलवर बसायचे आणि मग तिघांनी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटवर जाऊन झोपायचे, असा आठवडा गेल्यावर शुक्रवारची बैठक हाच अनेकांचा एकमेव सामाजिक वेळ उरतो. आपण तिथे जावे, पहिला दीड तास मनापासून बसावे आणि मोकळ्या मनाने निघावे. मॅनेजरांशी ओळख वाढवायची असेल, तर त्यांना मंगळवारी दुपारी टपरीवर चहाला बोलवा. तिथे झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी दोघांच्याही लक्षात राहते.

प्रश्न : मी हिंजवडीत टीम लीड आहे. मुळशीजवळच्या एका शेतघरावर आमची मुक्कामी ऑफसाइट, म्हणजे टीमची कार्यालयाबाहेरची बैठक, ठरली आहे. टीममध्ये नुकतेच पदवी घेऊन आलेले सहा जण आहेत. ‘संध्याकाळी सहानंतरचे ज्याचे त्याचे खासगी, कंपनीचा संबंध नाही,’ असे माझे वरिष्ठ म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत कामानिमित्त कर्मचारी जिथे जाईल ती जागा येते आणि कंपनीने दिलेले वाहनही येते. ऑफसाइटच्या रात्री शेकोटीभोवती जे घडेल त्याची तक्रार अंतर्गत समितीपुढे येऊ शकते. ‘त्याने घेतली होती’ ही सबब तिथे चालत नाही. गूगलचे उदाहरण आपल्या वरिष्ठांना जरूर सांगा. 2018 साली लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून तिथल्या कर्मचाऱ्यांनी जगभर काम थांबवले. त्यानंतर कंपनीनेच जाहीर केले, की आलेल्या तक्रारींपैकी सुमारे 20 टक्क्यांत छळ करणारी व्यक्ती मद्य प्यायलेली होती. अतिरेक रोखण्याची जबाबदारी कंपनीने टीमच्या प्रमुखांवर टाकली, म्हणजे आपल्यासारख्यांवर.

सिलिकॉन व्हॅलीत बिअरचा फ्रिज कार्यालयातच असे, त्यामुळे तिथल्या कंपन्यांना निदान हात झटकता येत नव्हते. हरियाणाने 2023 साली किमान 5,000 कर्मचारी असलेल्या मोठ्या कार्यालयांत बिअर आणि वाइनला परवानगी देण्याची तरतूद केली. आपल्याकडे हे सारे रस्त्यापलीकडच्या पबात किंवा शेतघरावर होते आणि म्हणून ते ‘बाहेरचे’ मानण्याची सवय लागली आहे.

त्या सहा जणांचे वय पाहा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, तर व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे बाविशीतल्या मुलाच्या हातात वरिष्ठाने ‘आज तरी घे’ म्हणत दिलेला व्हिस्कीचा पेग हा मुळात कायद्याचाच भंग आहे. शिवाय शेतघराला मद्याचा परवाना नसेल, तर त्या रात्रीपुरता परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. शेतघराचा मालक ‘इथे सगळे करतात’ म्हणेल. त्याच्यावर विसंबू नका.

परतीच्या प्रवासाचा विचार सर्वांत आधी करा. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि रात्री उशिरापर्यंत प्यायलेले मद्य सकाळी सातला उतरलेले असतेच असे नाही. घाटातून स्वतःच्या गाड्या न्यायला परवानगी देऊ नका, बस ठरवा. आणि जेवण लवकर वाढायला सांगा. साडेअकरापर्यंत फक्त चकण्यावर बसलेल्या टीमला सांभाळणे कोणत्याही टीम लीडला जमत नाही.

प्रश्न : टीमबरोबर सुरू झालेली मद्याची सवय आता घरी एकट्याने चालू आहे. रात्रीचा कॉल संपला की घेतो. अलीकडे सकाळी हात थरथरतात. सोमवारपासून एकदम बंद करण्याचे ठरवले आहे. ऑफिसात कळू नये असे वाटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सोमवारची वाट पाहू नका, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका. सकाळचे हात थरथरणे हे शरीर मद्यावर अवलंबून असल्याचे लक्षण असू शकते. अशा अवस्थेत अचानक थांबल्यास फेफरे येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो. मद्य सोडताना लागणारी औषधे मनोविकारतज्ज्ञ किंवा फिजिशियन देतात आणि पहिले काही दिवस त्यांची देखरेख असावी लागते. आपण दररोज किती घेता, हे त्यांना कमी करून सांगू नका, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते.

आज रात्रीच कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेली-मानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मद्याच्या सवयीतून उद्भवणारा आजार 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारातच धरला आहे, आणि त्याच कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. त्यात आजाराचे निदान किती तपशिलाने लिहायचे, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. कंपनीच्या आरोग्य विम्यातून खर्च मागणार असाल, तर पॉलिसीतील व्यसनमुक्तीविषयीचे कलम उपचारासाठी दाखल होण्यापूर्वी वाचा, आणि ती चौकशी एचआरमार्फत न करता थेट विमा कंपनीच्या क्रमांकावर करा.