जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) युजरच्या परवानग्या ॲडमिनमधून हाताने न देता कोडमधून कशा द्यायच्या?

ग्रुपवर 'परमिशन्स.सेट', युजरवर 'ग्रुप्स.ॲड'. संपलं. खरी डोकेदुखी आहे कोडमध्ये ग्रुपचं नाव तपासणाऱ्यांची.

बेळगाव, खानापूर, निपाणीत शाखा असलेल्या एका सोसायटीच्या कामात हाच वाद झाला. मी म्हणत होतो, 'हॅज_पर्म' (युजरला ही परवानगी आहे का) विचारा. सहकारी म्हणे, ग्रुपचं नाव 'मॅनेजर' आहे का बघितलं की पुरे. स्क्रीन कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत. कुणीतरी ॲडमिनमध्ये जाऊन 'मॅनेजर'चं कन्नडात 'व्यवस्थापकरु' केलं आणि सगळ्या मॅनेजरांचं कर्जमंजुरीचं बटण गायब. ते निदान दिसलं तरी. पुढच्या डिप्लॉयला 'गेट_ऑर_क्रिएट'ला (शोधतो, नसेल तर नवं बनवतो) 'मॅनेजर' सापडला नाही, म्हणून त्याने नवा ग्रुप केला. नोंद खोडायची परवानगी आम्ही काढली ती या नव्या ग्रुपमधून. माणसं जुन्यातच, खोडणं चालूच! नाव हा कोडसाठीचा शिक्का आहे, भाषांतर दाखवताना करा. ग्रुप बदलायचा अधिकार शाखेत कुणालाच नको.

भूमिका आणि त्यांच्या परवानग्यांची कोडनेम (कोडमधली छोटी नावं) एका डिक्शनरीत ठेवा आणि मॅनेजमेंट कमांडने (टर्मिनलवरून चालवायची जँगोची कमांड) लावा. 'ॲड' नको, 'सेट'च. 'ॲड' जुनी परवानगी काढत नाही. शोधताना कोडनेमसोबत ॲप लेबलही (परवानगी कोणत्या ॲपची ते) द्या. हे मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) लिहू नका: परवानग्या सगळी मायग्रेशन संपल्यावर, 'पोस्ट_मायग्रेट'ला तयार होतात, त्यामुळे तुमच्या मशीनवर चालतं आणि कोऱ्या डेटाबेसवर 'डझ नॉट एग्झिस्ट' येतं. कमांड 'मायग्रेट'नंतर चालवा.

सुपरयुजरने तपासून 'चालतंय' म्हणू नका, चालू खात्याच्या सुपरयुजरला सगळंच खरं मिळतं. टेस्टमध्ये परवानगी बदलल्यावर युजर डेटाबेसमधून नव्याने आणा. जुन्या ऑब्जेक्टवर परवानग्यांची कॅश (साठवलेली प्रत) राहते, 'रिफ्रेश_फ्रॉम_डीबी'नेही जात नाही.

आणि हो, पिग्मी एजंटाला फक्त त्याचीच खाती दाखवायची असतील तर यातलं काही उपयोगाचं नाही. 'हॅज_पर्म'ला खातं दिलंत तर जँगोचा मूळ बॅकएंड (परवानगी तपासणारा भाग) साध्या युजरला सरळ नकार देतो. क्वेरीसेटच (डेटाबेसमधून येणारी नोंदींची यादी) एजंटावर फिल्टर करा आणि एकेक खातंही त्यातूनच उचला, नाहीतर यूआरएलमधला आकडा बदलून तो शेजारच्या एजंटाची खाती बघेल.

युजरला थेट दिलेल्या परवानग्या 'सेट'ने हलत नाहीत, त्या वेगळ्या पुसा.